मूळ अवयव

उल्हासने अर्चनाचा फोन तिच्याच चेहऱ्यासमोर धरला. उघडला नाही. तिचा डावा डोळा सुजून मिटला होता, ओठ फाटला होता. फोनने तिला ओळखलं नाही.

"पासकोड सांग."

अमिरातीतल्या अल ऐनमधल्या त्या फ्लॅटमध्ये शुक्रवारची दुपार होती. तीन महिन्यांच्या माराचे फोटो त्या फोनमध्ये होते, हे उल्हासला सकाळीच कळलं होतं. ते कुणाकुणाला गेलेत, ते त्याला बघायचं होतं. दोन आकडे त्याने अंदाजाने टाकले होते. दोन्ही चुकले.

त्याने तिची करंगळी मागे वाकवली. काडी मोडल्यासारखा आवाज झाला. अर्चना ओरडली नाही. आतल्या खोलीत लेक अस्मी अभ्यासाला बसली होती.

"सांगते," ती म्हणाली. ती शाळेत गणित शिकवायची. आवाज वर्गातलाच निघाला. "आठ आकडी संख्या आहे. तिला त्र्याहत्तरने भाग जातो. मग एकशे सदतीसने. उरते ती मूळ संख्या. तिला एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही."

"नाटकं नकोत."

"अस्मीचं जन्मसाल आहे ते."

उल्हास इंजिनिअर होता. त्र्याहत्तर गुणिले एकशे सदतीस, दहा हजार एक. त्या संख्येने कुठल्याही सालाला गुणलं की तेच साल ओळीने दोनदा येतं. तो हसला. २०१२२०१२. चूक. २०१०२०१०. चूक.

"सम संख्या त्या," अर्चना म्हणाली. "दोनानेच भाग जातो."

त्याने तिच्या तोंडावर ठोसा मारला. "अस्मी! इकडे ये. यल्ला, लवकर!"

अस्मी दारात आली.

"तुझं बर्थ इयर काय?"

अस्मीने आईचा चेहरा पाहिला. मग तिची लोंबणारी करंगळी.

"यू डोन्ट नो?"

"विचारलं तेवढं सांग!"

"टू थाउजंड नाइन, पापा."

सात, सात, एक्केचाळीस. अर्चनाच्या मनात सवयीने अवयव पडले. मुलगी खोटं बोलली होती. तिचा जन्म दोन हजार अकराचा.

उल्हासने साल टाकलं. पाचव्या चुकीला फोनने आकडे घेणंच बंद केलं. तो अस्मीकडे वळला आणि त्याने हात उगारला.

तो हात खाली आलाच नाही. अर्चनाने मनगट धरून त्यात दात रोवले. त्याने लाथा मारल्या, तिचे केस ओढले, मग किंचाळत गुडघ्यांवर बसला. तरी तिने सोडलं नाही. अस्मीने धावत जाऊन बाहेरचं दार सताड उघडलं.

आरडाओरडा ऐकून समोरच्या फ्लॅटमधली मरियम धावत आली आणि उंबऱ्यातच थांबली. अर्चनाच्या हनुवटीवरून रक्त ओघळत होतं.

"या अल्ला! ये खून किसका है?"

"धिस टाइम," अस्मी म्हणाली, "पापाज."