मोजोबांचं म्हणणं

विषय क्रमांक सात निघाला तेव्हा साडेचार वाजून गेले होते. त्याआधी शाळेच्या फाटकाला निळा रंग द्यायचा की हिरवा, यावर पाऊण तास खल झाला होता. आता समितीच्या पाचही जणांना घराचे वेध लागले होते. कारकूनबाई टेबलाच्या टोकाला बसून बैठकीचं इतिवृत्त लिहीत होत्या. आपण लिहायचं, बोलायचं नाही. सतरा वर्षं त्यांचा हाच शिरस्ता.

"गुरुवारचे हस्तकलेचे दोन तास बंद करून त्या जागी सराव चाचण्या," अध्यक्षांनी वाचलं. "कुणाला काही म्हणायचंय?"

भिंतीशी उभे असलेले हस्तकलेचे सर पुढं आले. भाषणबिषण काही नाही. त्यांनी दार उघडलं आणि बाहेर बाकावर बसलेल्या मुलीला आत घेतलं. दुसरीतली मुलगी; कारकूनबाईंचीच. उजव्या हातावर तिनं करड्या रंगाचा मोजा चढवला होता. त्याला एक काळं आणि एक तपकिरी बटण, ते डोळे. लाल चिंधीची जीभ. जोडीतला दुसरा मोजा तिच्या डाव्या पायात होता. उजवा पाय नुसताच बुटात.

"ही दोन वर्षं कुणाशी एक अक्षर बोलली नव्हती," सर म्हणाले. "शाळेत नाही, घरी आईशीसुद्धा नाही. डॉक्टर झाले, औषधं झाली. मग गेल्या वर्षी माझ्या तासाला हिनं पायातला मोजा काढून ही बाहुली केली. आणि बाहुली बोलायला लागली."

अहो, बोलायला लागली म्हणजे किती! मोजोबा तिचं नाव. दूध गार झालं की मोजोबा चिडायचे. आई दमून आली की विचारायचे, "काय बाई, आज तोंड का पडलंय?" बाई ओट्याला टेकून हसायच्या आणि हसता हसता डोळे पुसायच्या. दोन वर्षांनी घरात आवाज होता, मग तो मोज्याचा का असेना. परवाच मोजोबा बाईंच्या कानाशी येऊन म्हणाले होते, "घाई करू नका. हिलाही शिकवतोय मी बोलायला." त्या एका वाक्यावर बाई दोन दिवस जगत होत्या.

"नमस्कार मंडळी," मोजोबा घोगऱ्या आवाजात म्हणाले. "माझे पाच मुद्दे आहेत. मुद्दा पहिला. इथली बिस्किटं कुणी संपवली?"

सगळे खो खो हसले. अध्यक्षही हसले. माणूस वाईट नव्हता, तेच तर वाईट.

"वा, छान! पण बाळ, ही झाली गंमत. आता तो मोजा काढून ठेव आणि आपल्या तोंडानं सांग बरं. आम्ही काय खातोय का तुला?"

"साहेब, एवढ्यात नको," सर घाईघाईनं म्हणाले. "अजून वेळ लागेल तिला."

"वर्ष झालं की, सर. शिकली असेल तर बोलेल."

मुलीनं आईकडं पाहिलं. मोजोबांनीही मान वळवून पाहिलं. आता इथं बाईंनी पेन खाली ठेवायला हवं होतं. 'नाही काढणार ती,' एवढंच म्हणायचं होतं. पण सतरा वर्षं 'हो साहेब' म्हणत आलेली जीभ ती, ऐन वेळी दुसरीकडं कशी वळणार?

"काढ गं," बाई हळूच म्हणाल्या. "साहेब सांगताहेत ना."

मुलीनं मोजा काढला. उघडा हात पाठीमागं लपवला. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. कान लाल झाले. एका सदस्यानं घड्याळाकडं पाहिलं.

"बघा," अध्यक्ष म्हणाले. रागानं नाही, चांगल्या कळवळ्यानं म्हणाले. "हौस म्हणून ठीक आहे, सर. पण शेवटी पोरांच्या पदरात काय पडलं? कुणाचा विरोध? नाही ना. घ्या बाई लिहून."

बाईंनी लिहिलं, 'सखोल चर्चेअंती सर्वानुमते मंजूर.' अक्षर नेहमीसारखंच मोत्यासारखं आलं. मेलं, एक अक्षरही वाकडं आलं नाही.

बैठक संपवून त्या बाहेर आल्या तेव्हा मुलगी बाकावर बसली होती. सर शेजारी होते. मुलीनं उजवा बूट काढला. मांडीवरचा मोजा उचलला, लाल जीभ आत सारली आणि मोजा पायात चढवला. बटणं बोटांवर आली. तशीच तिनं ती बुटात कोंबली, नाडी करकचून ओढली आणि वर दुसरी गाठ मारली.

बाई तिच्यापुढं खाली फरशीवरच बसल्या. बूट दोन्ही हातांत धरला.

"मोजोबा," त्या म्हणाल्या, "अहो, माझं चुकलं. ऐकताय ना? चुकलं हो माझं. या ना बाहेर."

बूट गप्प होता. बाईंनी मान वर केली.

"बटणं टोचत असतील गं. टोचतात ना?"

नाही, अशी मुलीनं नुसती मान हलवली. मग बाकावरून उतरली आणि लंगडत फाटकाकडं चालू लागली.