सागाची घाई

शर्मिलाचा संशोधक विद्यार्थी प्रज्ञेश बोलायला उभा राहिला तेव्हा तिला हायसं वाटलं. आता समितीची खात्री पटणारच.

"हे साग शेतात लावू नयेत," तो म्हणाला.

शर्मिलाने गर्रकन मान वळवली. आपल्या ऐकण्यात काही चूक झाली असावी, असं तिला वाटलं.

उमेदीची सगळी वर्षं तिने या एका कामात घातली होती. झाडाच्या सालीखाली एक नाजूक थर असतो. तिथल्या पेशी विभागत राहतात, म्हणून खोड जाड होतं. कुठवर विभागायचं आणि कधी थांबायचं, हे जनुकं ठरवतात. त्यातलं 'थांब' म्हणणारं जनुक शर्मिलाने हुडकून बंद पाडलं होतं. प्रयोगशाळेमागच्या हरितगृहात तिचे साग बघता बघता भरले. आज समितीकडून लोणी काळभोरला उघड्या शेतात चाचणी घ्यायची परवानगी मिळायची होती.

"पेशी घाईने विभागतात," प्रज्ञेश सांगत होता, "पण त्यांच्या भिंती भरायला उसंतच मिळत नाही. खोड नुसतं जाड दिसतं. वादळात टिकणार नाही."

यवतमाळहून आला तेव्हा त्याला राहायला जागा नव्हती. तिने वारज्याच्या आपल्या घरातली खोली दिली. तिची आई त्याला वाढल्याशिवाय जेवत नसे. शोधनिबंधावर त्याचं नाव तिने स्वतःच्या आधी घातलं होतं. आणि आता हा!

पुढचं तिला ऐकवेना. ती उठून बाहेर आली.

जरा वेळाने प्रज्ञेश व्हरांड्यात आला.

"वा! छान बोललास," ती म्हणाली. "केसाने गळा कापलास माझा."

"मॅडम..."

"मॅडम म्हणू नकोस. आजच्या आज खोली रिकामी कर."

त्याचे डोळे भरून आले. मान खाली घालून तो जिना उतरून गेला. शर्मिला कठड्याला धरून उभी राहिली.

तेवढ्यात समितीचे अध्यक्ष बाहेर आले आणि त्यांनी चक्क हात जोडले.

"अहो मॅडम, निघून काय आलात? चाचणी थांबवावी लागली, पण स्वतःच्याच शोधातली खोट दाखवणारी माणसं कुठे भेटतात हो? प्रज्ञेशने सगळं सांगितलं. खोडाचे काप तपासायला तुम्हीच त्याला लावलंत, आणि जे दिसेल ते समितीपुढे मांड, असंही तुम्हीच म्हणालात."

शर्मिलाने रिकाम्या जिन्याकडे पाहिलं. ते काप प्रज्ञेशने तिला दिवाळीआधीच आणून दाखवले होते. तेव्हा तिने आधी खोलीचं दार लावलं होतं, आणि मग म्हणाली होती, "फेकून दे. कुणाला कळता कामा नये."