दोन पानं एकदम

शहराच्या संगीत महोत्सवात लेक पियानोवर बसली आणि बाबा शेजारच्या स्टुलावर, नोटेशनची पानं उलटायला. उभा जन्म बस चालवण्यात गेला, पण एवढ्या एका कामासाठी ते साठीला आल्यावर नोटेशन वाचायला शिकले होते. आज मात्र घामेजल्या बोटांनी घोळ केला, दोन पानं एकदम उलटली. सूर काही अडखळला नाही. लेक पानाकडे न बघताच वाजवत राहिली आणि पान उलटायची वेळ आली तशी रोजच्यासारखी मान हलवून त्यांना खूणही केली.

टाळ्या थांबेनात. पडद्यामागे बाबा उखडले, "अगं, सगळं पाठ होतं, तर मला कशाला बसवलंस तिथे?"

"मग लोकांना कसं कळणार," ती म्हणाली, "मी कुणाची मुलगी आहे ते?"