आवाज बंद

कॉल करताना माइक बंद ठेवण्यात हेमराजचा फायदा सरळ होता: सीमेवरच्या तोफांचा धडाका सुरतेत आईच्या कानावर जात नव्हता, पोरगं हसताना तेवढं दिसत होतं. "नेटवर्कची बोंब आहे, आवाज येणार नाही, नुसतं तोंड बघून घ्या," असा मेसेज टाकून तो व्हिडिओ कॉल लावायचा. सुरतेतल्या लिंबायतच्या खोलीत आई भागीरथी मोबाइलला नाक लावून बसायची आणि बाप सुकलाल तिच्या खांद्यावरून बघायचा.

सुकलालचा उभा जन्म कापड कारखान्यातल्या लूमवर गेला. तिथल्या खडखडाटात कुणाचं काही ऐकू येत नाही, कामगार एकमेकांचे ओठ बघूनच बोलणं ओळखतात. पोराला मात्र त्याने कारखान्याची पायरी चढू दिली नव्हती, त्यामुळे त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं.

आजही हेमराज हसला, हात हलवला आणि कुणाला ऐकू जात नाही या भरवशावर काहीतरी बोलून गेला.

"काय म्हनस हो तो?" भागीरथीने विचारलं.

"जेवना म्हनस. भाजी जराशी खारी व्हयनी."

"त्याले मन्हाच हातनं लागस ना!" ती खुशीत गॅसकडे वळली.



"माय, माले भ्याव वाटस," पोरगं म्हणालं होतं. बोलून त्याचं मन हलकं झालं, न ऐकून आई निर्धास्त झाली, आणि दोघांच्या वाटचं मोल एकट्या सुकलालने भरलं.