बंद खिडकीतलं ऊन

"काचेआडून ऊन दिसतं हो, पण त्यानं अंगात व्हिटॅमिन डी तयार होत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "खिडकी उघडून बसवत जा त्यांना."

खिडकीवाल्यानं कपाळावर हात मारला. जन्मभर लोकांच्या घरांना काचा बसवल्या आणि एवढी साधी गोष्ट त्याला ठाऊक नव्हती! रोज सकाळी तो बायकोची खुर्ची बंद खिडकीशी सरकवायचा. ऊन तिच्या मांडीवर पडलं की त्यालाच बरं वाटायचं. रक्तातला आकडा मात्र होता तिथंच.

"आकडा वाढला की तिचं मन उभारी धरेल ना?"

"तसं वचन नाही देता येत. डी कमी झालं की मन खचतं म्हणतात. खचलेला माणूस घराबाहेर पडत नाही, म्हणूनही ते कमी होतं. गोळ्या चालू ठेवा. पण थोडं ऊन, वारा लागू द्या."

ऊन, वारा. बोलायला काय जातं! थंडीत एका दुपारी बायको चौथ्या मजल्यावरच्या त्याच खिडकीत चढली होती. त्यानं कमरेला धरून तिला आत ओढलं आणि लगेच खिडकी स्क्रूनं पक्की केली. स्क्रूच्या खाचाही घासून सपाट केल्या. हे त्यानं डॉक्टरांनाही सांगितलं नव्हतं. कोणी विचारलं तर म्हणायचा, "काही नाही, डी कमी आहे." ते सांगायला सोपं होतं.

बायको दाराबाहेर पाऊल टाकत नव्हती. दिवसभर त्या खिडकीकडे बघत बसायची. ती उघडायची वाट बघतेय, असंच त्याला वाटायचं.

सुट्टीच्या दिवशी त्यानं लोखंडी जाळी आणली. जाळी बसली की खिडकी बिनघोर उघडी ठेवता आली असती. पण जाळी बसते काचेच्या बाहेर, म्हणजे आधी खिडकी काढायला हवी. मधला अर्धा तास तिथं नुसतं भोक. मदतनिसाला बोलवावं, तर तो विचारणार, खिडकी अशी ठोकली का होती? झाकली मूठ सव्वा लाखाची. तो एकटाच कामाला लागला.

खाचा नसलेल्या स्क्रूंवर ड्रिल सुरू झालं. मागे खुर्ची करकरली. तो दचकून वळला.

बायको उठली नव्हती. खुर्चीचे दोन्ही हात गच्च धरून बसली होती. बोटांची पेरं पांढरी पडली होती.

"अहो," ती म्हणाली. कित्येक दिवसांत तिनं त्याला हाक मारली नव्हती. "आधी मला धरा. मग उघडा."

वाट कसली बघत होती ती! त्या खिडकीची तिला त्याच्याहून जास्त भीती वाटत होती.

त्याचे डोळे भरून आले. ड्रिल खाली ठेवून त्यानं तिचा हात घट्ट धरला. काचेतून ऊन येत होतं, दोघांच्याही अंगावर. किती तरी वेळ तो तसाच उभा राहिला.

खिडकी काढायला दोन्ही हात लागतात.