पाच कंद

रानकंद वीस मिनिटं उकळला की त्यातलं विष बहुधा निघून जातं, असं मी पदवीच्या प्रकल्पात लिहिलं होतं. तपासले होते पाचच कंद.

त्याचाच ऑनलाइन ज्ञानकोशासाठी लेख करताना संपादक म्हणाले, “हा कॉलेजचा प्रकल्प नाही. ‘बहुधा’, ‘माझ्या प्रयोगात’ असलं सगळं काढा.” मी काढलं.

आज मावशीचा फोन आला. ज्ञानकोशात वाचून तिने घरामागचे रानकंद उकळले होते.

“मावशी, थांब, कुणी खाऊ नका! तो लेख मीच लिहिलाय, माझीच खात्री नाही!”


“चल, काहीतरीच! तुला चहात साखर किती विचारलं तरी तू ‘बघू’ म्हणतेस. तिथे कसं एका वाक्यात ठणकावून सांगितलंय! ठेवते आता, सगळे जेवायला बसलेत.”