सरळ तारेतलं पाणी

"दिसत नाही, तर केमिस्ट्री कशी शिकशील गं?" प्रवेशअर्ज बाजूला सारत विभागप्रमुखांनी शाल्मलीच्या हातात थर्माकोल-तारेचं मॉडेल ठेवलं. "हा पाण्याचा रेणू. ध्रुवीय का, म्हणजे त्याची एक बाजू ऋण नि दुसरी धन का, ते सांग. जमलं तर सही करतो."

शाळेतल्या बाईंनी कणकेच्या गोळ्यांत काड्या खोचून शिकवलेलं पाणी तिच्या बोटांना पाठ होतं. ते कोनात वाकलेलं होतं; हे सरळ होतं. सरांचीच चूक काढायची?

"सर, हा ध्रुवीय नाही. दोन्ही हायड्रोजन एका रेषेत आहेत. ऑक्सिजन दोघांचे इलेक्ट्रॉन ओढतो, पण समोरासमोरच्या ओढी एकमेकींना खोडतात." तिने तार वाकवली. "आता नाही खोडणार, सर."

सरांनी मॉडेल तिच्या हातातून काढून घेतलं.

"अकरा वर्षं हेच वर्गात दाखवतोय," सर पुटपुटले. "डोळस पोरं नुसती माना डोलवत आली."

मग कागदावर पेन चालल्याचा आवाज तिला ऐकू आला.